लिअँडर पेस: एका ब्राँझच्या मागचं सगळं

लिअँडर पेसचं नाव निघालं की आमच्या वेंगुर्ल्याकडे जुने लोक अजून म्हणतात, "अरे तो गोयचो मा, आपल्याच बाजूचो." तसा जन्म कलकत्त्याचा, १७ जून १९७३, वाढलाही तिकडेच, पण वडील वेस पेस मूळ गोव्याचे आणि लिअँडर समजून घ्यायचा तर सुरुवात त्यांच्यापासूनच करायला हवी. वेस हॉकीवाले, १९७२ ला म्युनिकमध्ये ब्राँझ जिंकलेल्या टीममध्ये होते, शिवाय डॉक्टर. आई जेनिफर भारताच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन. म्हणजे ऑलिम्पिकचं मेडल कसं दिसतं हे त्या पोराला घरातच माहीत होतं.

टेनिसचं रीतसर शिक्षण मद्रासला, अमृतराज अकॅडमीत. १९९० ला विम्बल्डन ज्युनियर जिंकला आणि त्याच वर्षी डेव्हिस कपमध्ये, म्हणजे देशादेशांतल्या टेनिस स्पर्धेत, उतरला, सोळाव्या वर्षी! त्याच्या सर्व्हला फार जोर नव्हता, बेसलाईनवरून मोठमोठ्या रॅली मारत बसणं हा त्याचा खेळच नव्हे. त्याचं सगळं नेटजवळ, हात प्रचंड फास्ट, बॉल टप्पा पडायच्या आधीच उडवायचा. आम्हाला हे लगेच कळायचं कारण आम्ही खळ्यात खेळायचो, दसऱ्यानंतर चोपून शेणाने सारवलेलं खळं, त्यावर रबरी बॉल कधी नीट उसळायचाच नाही, तेव्हा हवेतच मारायला लागायचा, नाहीतर पॉईंट गेला.

तर १९९६, अटलांटा ऑलिम्पिक. रँकिंग शंभराच्या बाहेर, वाईल्ड कार्डवर, म्हणजे रँकिंग न बघता दिलेल्या खास जागेवर, एन्ट्री. पहिल्याच राऊंडला अमेरिकेच्या बलाढ्य सॅम्प्रसशी गाठ होती, पण सॅम्प्रसने माघार घेतली. पुढे एन्क्विस्टला हरवलं, फुर्लानला हरवलं आणि सेमीफायनलला समोर अमेरिकेचाच आगासी. पहिला सेट टायब्रेकपर्यंत नेला पण मॅच गेली, त्यात मनगट दुखावलं. ब्राँझच्या मॅचमध्ये ब्राझीलच्या मेलिजेनीकडून पहिला सेट ३-६ हरला आणि त्याच मनगटाने पुढचे ६-२, ६-४ काढले. आमच्याकडे आषाढातला पाऊस, लाईटचा पत्ता नाही, मॅच दिसलीच नाही. एसटीने पेपर आला तेव्हा कळलं, बंडल सुटायच्या आधीच वरचा भिजलेला पेपर चार जणांनी उभ्या उभ्या वाचला. घाटावरच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला कुस्तीत ब्राँझ आणलं होतं, त्यानंतर थेट ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक मेडल मिळालं. आणि पेसांच्या घरात बापाच्या ब्राँझनंतर २४ वर्षांनी दुसरं.

सिंगल्समध्ये तो ७३ व्या नंबरच्या वर गेला नाही, आणि मला हे कमीपणाचं अजिबात वाटत नाही. डबल्समध्ये कोर्ट अर्धंच सांभाळायचं असतं, तिथे हात आणि डोळा चालतो, ते दोन्ही त्याच्याकडे होतं. १९९९ ला महेश भूपतीबरोबर चारही ग्रँड स्लॅमच्या, म्हणजे टेनिसच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धांच्या, फायनल गाठल्या, फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकल्या. पुढे दोघांचं बिनसलं, ते फार वाईट झालं, अजून चुटपुट लागते. २००३ मध्ये मार्टिना नवरातिलोवाबरोबर विम्बल्डनचं मिक्स्ड डबल्स जिंकला आणि त्याच वर्षी मेंदूच्या इन्फेक्शनमुळे हॉस्पिटलमध्ये. लोकांना वाटलं संपलं. पण २०१३ ला चाळिशीत यूएस ओपन डबल्स जिंकलं, नंतर मार्टिना हिंगिसबरोबर मिक्स्डची टायटलं. एकूण १८ ग्रँड स्लॅम, ओळीने सात ऑलिम्पिक आणि २०१८ ला डेव्हिस कपमधला डबल्सचा ४३ वा विजय, तो तर वर्ल्ड रेकॉर्ड.

२०२४ ला त्याला टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, विजय अमृतराजबरोबर. सोहळा अमेरिकेत न्यूपोर्टला. तिथल्याच ग्रासवर, १९९८ मध्ये, त्याने आयुष्यातलं एकुलतं एक एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसचं) सिंगल्स टायटल जिंकलं होतं.