२७६ की २८०? जपानी स्पोर्ट्सकारच्या आकड्याची भानगड

रविवारी सकाळी पाम बीच रोडला गाड्या घेऊन जमणाऱ्या पोरांत एक वाद हमखास निघतो, नव्वदीतल्या जपानी स्पोर्ट्सकारची पॉवर २७६ की २८०. दोन्ही बरोबर. जपानी कॅटलॉगमध्ये पीएस (म्हणजे मेट्रिक हॉर्सपॉवर) असतं, एक पीएस म्हणजे ७३५.५ वॅट, आणि ब्रिटिश हॉर्सपॉवर ७४५.७ वॅटची, त्यामुळे तीच २८० ची गाडी इंग्रजी मासिकात गेली की २७६ होते. खरी गंमत ही की सगळ्यांच्या कॅटलॉगात नेमका हाच आकडा कसा काय?

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये रस्त्यावरचे बळी वर्षाला १० हजारांवर गेले, सरकारने डोळे वटारले पण पॉवरवर कायदा काही केला नाही. मग कंपन्यांनीच आपसात ठरवलं, १९८९ च्या निसान फेअरलेडी झेडने २८० गाठलेत ना, आता त्याच्या वर कोणी जायचं नाही. आता ही मर्यादा म्हणायची की कागदावरचं सोंग? त्याच वर्षीच्या निसान स्कायलाइन जीटी-आरचं २.६ लिटरचं ट्विन टर्बो इंजिन रेसिंगचे नियम बघूनच बेतलेलं, ट्रॅकवर ते ५०० च्या वर काढायचं, शोरूममध्ये मात्र गुपचूप २८०. १९९३ ची टोयोटा सुप्रा घरी २८०, अमेरिकेत ३२०. टर्बो आणि इंजेक्टर वेगळे होते हे मान्य, तरी मी तरी याला अर्धं सोंगच म्हणेन. पण या सोंगाने भलं केलं, कॅटलॉगात आकडा फुगवता येईना म्हटल्यावर फोर व्हील ड्राइव्ह, मागची चाकंही वळवणारं स्टीअरिंग, १९९० च्या होंडा एनएसएक्सची अख्खी ॲल्युमिनियमची बॉडी, यावर चढाओढ लागली. शेवटी २००४ ला करार मोडला तो कुठल्या स्पोर्ट्सकारने नाही, तर ३०० पीएसच्या होंडा लेजंडने, म्हणजे मागे बसणाऱ्या साहेबांच्या सेदानने!

बाकी देशांचंही थोडंफार असंच. इंग्लंडात एकेकाळी सिलिंडरच्या व्यासावर टॅक्स, म्हणून बारीक बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि लांब स्ट्रोकची (पिस्टनची वरखाली धाव) इंजिनं. इटलीत २ लिटरच्या वर जबर टॅक्स, तर फेरारीनेसुद्धा २ लिटरची व्ही-८ (आठ सिलिंडरची) गाडी काढली, २०८ नावाची. जर्मनांचा ऑटोबान, बऱ्याच भागात वेगमर्यादा नसलेला हायवे, सगळ्यांना माहितीये. आणि अमेरिकेतले १९७२ च्या आधीचे आकडे जपूनच वाचा, अल्टरनेटर, सायलेन्सर काही न लावता नुसतं इंजिन टेस्ट बेंचवर चढवून मोजायचे.

टॅक्सची चौकट आपल्याकडेही आहेच की, २००६ पासून लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत टॅक्स कमी, त्यातून आपल्याला मिळाल्या डिकी छाटलेल्या सेदान. जपानने छोट्या गाड्यांसाठीच्या ६६० सीसीच्या चौकटीत १९९१ ला होंडा बीट बसवली, दोन सीट, इंजिन पाठीमागे, टर्बो नाही, ६४ पीएस (हाही आपसात ठरलेलाच आकडा). लांबी ३.३ मीटर, रुंदी १.४. नौपाड्यात आमच्या बिल्डिंगखाली दोन स्कूटर सरकवल्या तर आरामात उभी राहील.