घर नाकारलं, पोलीस हलले नाहीत: जिनिव्हाला तक्रार कोण करू शकतं, कागद काय लागतात

१९८९ साली नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात एक मोरोक्कन माणूस नगरपालिकेने देऊ केलेलं भाड्याचं घर बघायला गेला. बाहेर जमलेले लोक ओरडले, 'आता आणखी परदेशी नकोत', आणि घर घेतलंस तर पेटवून देऊ अशी धमकीही मिळाली. पोलिसांत तक्रार झाली, पण खटला उभा राहिला नाही. पुढे हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या वांशिक भेदभाव निर्मूलन समितीकडे गेलं. तिथल्या नोंदीत त्याचं नाव फक्त 'एल. के.' आहे. १९९३ मध्ये समितीने मत दिलं की पोलीस आणि न्याययंत्रणेने पुरेसा पाठपुरावा केला नाही.

त्याने वापरलेली वाट आजही आहे: १९६५ च्या वांशिक भेदभावविरोधी कराराचं कलम १४. आफ्रिकी वंशाच्या माणसाला रंगावरून घर, नोकरी किंवा न्याय नाकारला गेला, तर तो याच कलमाखाली जातो.

मात्र तक्रार घरमालकाविरुद्ध नसते, ती सरकारविरुद्ध असते. 'मालकाने हाकललं' एवढ्यावर अर्ज टिकत नाही. 'मालकाने हाकललं आणि सरकारी यंत्रणेने दाद दिली नाही' हे दाखवावं लागतं. नागरिक आणि परदेशी यांच्यात केलेला नुसता फरकही या कराराखाली तक्रारीचा विषय होत नाही.

सगळ्यात आधी देश बघा, कारण त्या देशाने कलम १४ स्वीकारल्याची वेगळी घोषणा केलेली असावी लागते. ब्राझील, दक्षिण आफ्रिका, जर्मनी, पोर्तुगाल यांनी केली आहे. अमेरिका, ब्रिटन यांनी नाही. भारतानेही नाही, करार १९६८ मध्येच मान्य करूनसुद्धा! म्हणजे पुण्यात खोली नाकारलेला आफ्रिकी विद्यार्थी असो की कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडचा आफ्रिकी वंशाचा सिद्दी, हे दार त्यांना बंद.

दुसरी अट, देशातल्या कोर्टांचे सगळे उपाय संपवलेले हवेत. ते अवाजवी रेंगाळत असतील तर सूट मिळू शकते. शेवटच्या निकालानंतर मुदत फक्त सहा महिने. माणसं अडकतात ती इथेच. वकिलाचं बिल, भाषांतर, थकवा यांत सहा महिने कधी सरतात कळत नाही, म्हणून अपील चालू असतानाच फाईल जुळवायला घ्या.

फाईलमध्ये समितीचा भरलेला, सही केलेला अर्ज. घटनांचा तारीखवार तपशील. पोलीस तक्रार आणि प्रत्येक कोर्टाच्या निकालाच्या प्रती (मूळ कागद पाठवू नयेत). आणि कराराचं कोणतं कलम मोडलं याचं विवेचन असावं. दुसऱ्याच्या वतीने अर्ज करायचा तर त्याचं लेखी अधिकारपत्र जोडा. निकाल स्थानिक भाषेत असतील तर इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा रशियन भाषांतर द्या. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. निनावी अर्ज घेत नाहीत, मात्र तुमच्या संमतीशिवाय तुमचं नाव सरकारला कळवलं जात नाही. उत्तरासाठी सरकारला तीन महिने मिळतात. शेवटी येतं ते समितीचं मत. कोर्टाच्या हुकुमासारखी त्याची अंमलबजावणी करून घेता येत नाही, म्हणून अपेक्षा आधीच बेताची ठेवलेली बरी.

भारतातल्यांनी मग काय करायचं? संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादावरच्या विशेष प्रतिवेदकाला (म्हणजे या विषयासाठी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञाला) किंवा आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी २००२ पासून असलेल्या तज्ज्ञ कार्यगटाला लिहायचं. २०२२ मध्ये या प्रतिवेदकपदावर बंगळुरूच्या अश्विनी के. पी. यांची नेमणूक झाली. इथे कोर्ट संपवण्याची अट नाही, देशाच्या घोषणेचीही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त कार्यालयाच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरायचा: कोण, कुठे, केव्हा, कुणी, आणि पीडिताची संमती. नुसती वर्तमानपत्रांची कात्रणं चालत नाहीत, शिवीगाळीची भाषाही नाही. तज्ज्ञांना दखल घ्यावीशी वाटली तर ते सरकारला पत्र लिहितात, आणि साधारण ६० दिवसांनी ते पत्र जाहीर होतं. सरकारला जाणाऱ्या पत्रात पीडिताचं नाव सहसा असतं. व्हिसावर राहणाऱ्याने संमतीच्या रकान्यावर खूण करण्याआधी याचा नीट विचार करावा.