दहा, तीनशे कोटी आणि ०.९९९८५

पुण्याच्या कॉलेजांत शास्त्र शाखेला असलेल्या जुन्या पिढीला टॅन्जंट गॅल्व्हॅनोमीटर आठवत असेल. तांब्याच्या तारेची उभी गुंडाळी, तिच्या मध्यभागी चुंबकसूची. गुंडाळीतून विद्युतधारा सोडली की सूची वळते आणि त्या कोनावरून धारा काढायची. समजा त्रिज्या ८ सेंटिमीटर, वेढे ५०, आणि पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा आडवा घटक आपल्याकडे असतो तसा सुमारे ०.३८ गाउस (चुंबकक्षेत्राचे जुने एकक). सूची ४५ अंशांवर थांबली, तर सूत्रातून ०.००९७ हे उत्तर निघते. मग त्याला दहाने गुणायचे, की झाले ०.०९७ अँपिअर. जर्नलमध्ये तो दहा सगळेच लिहीत, पण तो आला कुठून हे सहसा कुणी विचारत नसे.

सेंटिमीटर, ग्रॅम, सेकंद यांच्यावर आधारलेल्या चुंबकीय पद्धतीत धारेचे स्वतःचे एकक होते, अॅबअँपिअर. दोन लांब समांतर तारा एकमेकींपासून १ सेंटिमीटरवर ठेवल्या आणि दर सेंटिमीटर लांबीवर २ डाइन (या पद्धतीतले बलाचे एकक) बल जाणवले, तर प्रत्येकीतून १ अॅबअँपिअर धारा वाहते आहे. आजच्या मापात ती १० अँपिअर. तारायंत्राच्या काळात मात्र या पद्धतीतले रोधाचे आणि विभवांतराचे एकक इतके चिमुकले निघाले की त्यांच्यात काम करणे अवघड झाले. म्हणून ओहम त्याच्या १०० कोटी पट आणि व्होल्ट १० कोटी पट घेतला. असा व्होल्ट तेव्हाच्या डॅनियल या विद्युतघटाच्या विभवांतराच्या जवळपास येत होता. व्होल्टला ओहमने भागा, अँपिअर आपोआप अॅबअँपिअरचा एक दशांश होतो. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत परिषदेने ही नावे पक्की केली. म्हणजे हा दहा केवळ माणसाच्या सोयीचा आहे. निसर्गाला त्याचे सोयरसुतक नाही.

तीनशे कोटी या दुसऱ्या गुणकाचे तसे नाही. त्याच तीन एककांवरून विद्युतप्रभाराची व्याख्या दुसऱ्या वाटेनेही करता येते: स्थिर प्रभार एकमेकांना किती जोराने ढकलतात त्यावरून. अशा प्रभाराच्या एका एककाचे दर सेकंदाला वहन म्हणजे १ स्टॅटअँपिअर. मग अॅबअँपिअर आणि स्टॅटअँपिअर यांचे नाते काय? ते कागदावर ठरवता येत नाही, मोजावेच लागते. १८५६ मध्ये वेबर आणि कोलराउश या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी ते मोजले. लायडन बरणीत साठवलेला प्रभार आधी स्थिर विद्युतबलाने मोजायचा, मग तोच तारेतून सोडून त्याचा चुंबकीय परिणाम मोजायचा. दोन मोजमापांचे गुणोत्तर निघाले सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर. तो एक वेग होता, आणि प्रकाशाच्या तेव्हा माहीत असलेल्या वेगाच्या अगदी जवळचा! काही वर्षांत मॅक्सवेलने त्याचा अर्थ सांगितला: प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लाट आहे. एककांच्या रूपांतराचा एक गुणक मोजताना भौतिकशास्त्रातले एवढे मोठे दार उघडले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

आजचा हिशेब असा: १ अॅबअँपिअर म्हणजे जवळपास २,९९८ कोटी स्टॅटअँपिअर, आणि १ अँपिअर त्याच्या एक दशांश, ढोबळमानाने ३०० कोटी.

हे सगळे इतिहासजमा झाले असे पुण्यात तरी म्हणता येत नाही. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत किंवा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर काम करणारे खगोलशास्त्रज्ञ चुंबकक्षेत्र अजूनही गाउसमध्ये सांगतात, आणि खगोलभौतिकीची कित्येक पुस्तके याच जुन्या पद्धतीत आहेत. तिथे नवा विद्यार्थी हमखास अडखळतो, कारण नुसता आकडा बदलून भागत नाही, सूत्रांचा चेहराही बदलतो. कूलॉमच्या नियमातला ४ पाय एप्सिलॉन नाहीसा होतो आणि चुंबकीय सूत्रांत प्रकाशाचा वेग येऊन बसतो. धारेची घनता असेल तर क्षेत्रफळही बदलावे लागते: दर चौरस सेंटिमीटरला १ स्टॅटअँपिअर म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ०.०००००३३ अँपिअर. आधी सूत्र कोणत्या पद्धतीचे ते ओळखावे, मगच गुणाकाराला हात घालावा.

तिसरा गुणक दिसायला क्षुल्लक आहे, पण मला तोच सर्वांत मानवी वाटतो. तारांमधले बल मोजणे नाजूक काम, म्हणून १९०८ च्या लंडन परिषदेने व्यवहारासाठी ‘आंतरराष्ट्रीय अँपिअर’ पक्का केला: सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला १.११८ मिलिग्रॅम चांदी जमा करणारी स्थिर धारा. तासाभरात साधारण चार ग्रॅम, म्हणजे एक हलकेसे जोडवे. मोजण्याची कसोटी जशी बारीक होत गेली, तसे दिसले की हे माप मूळ व्याख्येशी तंतोतंत जुळत नाही. १ जानेवारी १९४८ पासून ते सोडून देण्यात आले. जुना आकडा आजच्या अँपिअरमध्ये आणायचा तर ०.९९९८५ ने गुणायचे. अमेरिकेत मोजलेला असेल तर ०.९९९८३५ ने, कारण देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी जपलेली मापेही केसभर वेगळी होती. वर्गातल्या अॅमीटरसाठी हा फरक नगण्य आहे. पण १९३० च्या सुमाराच्या एखाद्या काटेकोर प्रयोगातला स्थिरांक वापरायचा असेल, तर साल आणि देश दोन्ही पाहावे लागतात.

१९९० पासून प्रयोगशाळांनी व्होल्ट आणि ओहम क्वांटम परिणामांवरून, ठरवून दिलेल्या स्थिरांकांनी मोजायला सुरुवात केली. त्या मापातला १ अँपिअर म्हणजे आजचे १.०००००००८९ अँपिअर. २० मे २०१९ पासून अँपिअरची व्याख्याच इलेक्ट्रॉनच्या प्रभारावर उभी आहे. तो प्रभार आता कायमचा ठरवून टाकला आहे, आणि १ अँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२४ गुणिले १० चा १८ वा घात इतके इलेक्ट्रॉन. याची एक किंमतही मोजावी लागली. अॅबअँपिअरच्या तारांवरचे ते बल, जे १९४८ पासून व्याख्येनेच अचूक होते, ते आता पुन्हा प्रयोगाने मोजायची राशी झाले आहे. म्हणजे अगदी काटेकोरपणे पाहिले, तर टॅन्जंट गॅल्व्हॅनोमीटरच्या सूत्रातला तो दहासुद्धा आता पूर्ण दहा राहिलेला नाही. कितव्या दशांश स्थळी तो ढळतो, ते मोजमापच सांगणार.