स्क्विडची रेषीयता: केळीपट्ट्यातील मोजणीची पार्श्वभूमी

तापीच्या उत्तरेला, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात, गाळाखालचा बेसाल्ट किती खोलीवर आहे हे विद्युतचुंबकीय पद्धतीने शोधायचे असेल, तर जमिनीवर तारेचे मोठे वेटोळे अंथरून त्यातील प्रवाह एकदम तोडतात आणि त्यानंतर जमिनीतून येणारे, झपाट्याने विरत जाणारे चुंबकीय क्षेत्र मोजतात. तांब्याचे वेटोळे त्या क्षेत्राच्या बदलाचा वेग टिपते. स्क्विड, म्हणजे अतिसंवाहक (विजेला विरोध न करणाऱ्या) पदार्थाच्या वेटोळ्याचा अतिसंवेदनशील चुंबकीय संवेदक, मात्र क्षेत्रच टिपतो आणि क्षेत्र हे त्याच्या बदलाच्या वेगापेक्षा सावकाश विरत असल्यामुळे उशिरा येणाऱ्या, खोलवरच्या संकेतांसाठी तो सरस ठरतो. ऑस्ट्रेलियातील खनिजशोधात याचा उपयोग झालेला आहे. केळीपट्ट्यात मात्र शेताशेतांत डीपी आहेत, कृषिपंपांच्या तारा आहेत आणि तापीच्या काठाने विजेवर चालणारी रेल्वे जाते. ५० हर्ट्झच्या या गोंगाटावर स्वार झालेला दुबळा संकेत संवेदक न बिघडवता पुढे देतो का, हा रेषीयतेचा प्रश्न येथे संवेदनशीलतेच्या प्रश्नाहून मोठा आहे.

दोन अतिसंवाहकांमधल्या पातळ अडथळ्यातून, म्हणजे जंक्शनातून, व्होल्टेजशिवायही प्रवाह वाहू शकतो हे जोसेफसनचे मूळ भाकीत १९६२ चे आणि वेटोळ्यात अशी दोन जंक्शने असलेला पहिला स्क्विड १९६४ चा. फ्लक्स, म्हणजे वेटोळ्यातून जाणारे एकूण चुंबकीय क्षेत्र, वाढत गेला की स्क्विडवरचे व्होल्टेज सरळ वाढत नाही, तर प्रत्येक फ्लक्स क्वांटमला (फ्लक्सच्या ठरावीक सूक्ष्म एककाला) एक आवर्तन पूर्ण करून पुन्हा मूळ जागी येते. म्हणजे अरेषीयता हा या संवेदकाचा दोष नसून त्याचा स्वभाव आहे. त्यावर लवकरच सापडलेला उपाय फीडबॅकचा होता: बाहेरून जितका फ्लक्स येईल तितकाच उलटा फ्लक्स वेटोळ्यात सोडायचा, स्क्विडला फ्लक्स-व्होल्टेजच्या वक्राच्या एकाच बिंदूवर रोखून धरायचे आणि सोडलेल्या फ्लक्सलाच मापन मानायचे. पुढची अनेक वर्षे रेषीयता म्हणजे या फीडबॅक लूपची गुणवत्ता, असेच समीकरण होते.

त्या समीकरणाचे बळ साध्या आकडेमोडीतून दिसते. वक्र निव्वळ साइन आकाराचा मानला आणि संकेताचा आयाम (लाटेची उंची) ०.१ क्वांटम असला, तर तिसरी हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेची भेसळ, मूळ संकेताच्या सुमारे साठाव्या भागाइतकी निघते, आयाम ०.०१ क्वांटम असला, तर ती सुमारे सहा हजाराव्या भागाइतकी होते. लूपचा लाभ (गेन) ५० हर्ट्झला दहा हजारपट असेल, तर १०० क्वांटमचा संकेत आला तरी स्क्विडला प्रत्यक्षात ०.०१ क्वांटमच दिसतो. अडचण वेगाची आहे. ५० हर्ट्झला १,००० क्वांटम आयामाचा संकेत दर सेकंदाला तीन लाखांहून अधिक क्वांटम वेगाने बदलतो आणि लूप मागे पडला की तो शेजारच्या आवर्तनावर उडी मारतो. नंतरची सगळी मोजमापे पूर्ण क्वांटमांनी सरकतात आणि विरणाऱ्या क्षेत्राच्या आलेखात पायरी दिसते. ती पायरी भूगर्भातील थर समजून वाचली गेली, तर बोअरची जागा चुकते.

१९८६-८७ मध्ये द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला चालणारे अतिसंवाहक हाती आले आणि स्क्विड शेतात नेणे शक्य झाले. १९९० च्या सुमारास, वक्राचा एक उतार तीव्र करणारी अतिरिक्त धन-फीडबॅकची युक्ती आली. तिने इलेक्ट्रॉनिक्स सोपे केले, पण तीव्र उताराचा सरळ भाग आखूड होतो, ही किंमत मोजावी लागली.

त्यानंतरच्या लेखनात ‘रेषीयता’ हा शब्द सैल वापरला जाऊ लागला आणि आजचा बराच वाद या सैलपणातून आलेला आहे. कोणी वक्राच्या सरळ भागाची लांबी म्हणतो, कोणी हार्मोनिकांचे प्रमाण म्हणतो, तर कोणी सर्वांत मोठा संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर म्हणतो. एकसारखे स्क्विड एकापुढे एक जोडून मालिका केली, की व्होल्टेज संख्येच्या प्रमाणात वाढते आणि गोंगाट संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून तिसऱ्या अर्थाने सुधारणा होते. पण वक्राचा आकार तोच राहत असल्याने तितक्याच फ्लक्सला हार्मोनिकांचे प्रमाणही तेच राहते. अशा मालिकेला ‘रेषीय’ म्हणणे प्रस्तुत लेखकाला दिशाभूल करणारे वाटते. २००० च्या सुमारास पुढे आलेल्या, वेगवेगळ्या आकारांच्या वेटोळ्यांच्या रचनेत शून्य क्षेत्रापाशी एकच ठळक शिखर मिळते आणि आवर्तनाचा घोळ संपतो. तो गुण मोठा आहे, पण शिखराचा उतार सरळ असतोच असे नाही. अशा दोन रचना विरुद्ध दिशांनी सरकवून त्यांची वजाबाकी केली, की सम हार्मोनिका कटतात. ही सुधारणा मात्र दुसऱ्या अर्थाने खरी आहे.

२००९ मधील बाय-स्क्विडचा प्रस्ताव थेट आकारालाच हात घालतो. वेटोळ्याच्या इंडक्टन्सला (प्रवाहाच्या बदलाला विरोध करणाऱ्या गुणाला) समांतर तिसरे जंक्शन जोडले, की ते अरेषीय इंडक्टन्स बनते आणि साइनसारखा वक्र त्रिकोणी, म्हणजे बाजूंनी जवळजवळ सरळ होतो. समर्थकांचे म्हणणे असे की, मग फीडबॅकची गरजच उरत नाही. मेगाहर्ट्झ ते गिगाहर्ट्झच्या अँटेनांपुरते ते योग्य आहे, कारण थंड स्क्विड आणि खोलीच्या तापमानातील इलेक्ट्रॉनिक्स यांच्यातील मीटरभर केबलच लूपची बँडविड्थ (हाताळता येणाऱ्या वारंवारतांची मर्यादा) सुमारे २० मेगाहर्ट्झपाशी अडवते. ५० हर्ट्झच्या शेतात मात्र तो युक्तिवाद लंगडा पडतो. तिसऱ्या जंक्शनचा क्रांतिक प्रवाह, म्हणजे व्होल्टेजशिवाय त्यातून वाहू शकणारा कमाल प्रवाह, वेटोळ्याच्या इंडक्टन्सशी नेमका जुळावा लागतो. ४.२ केल्विनला चालणाऱ्या नायोबियमच्या जंक्शनांत ही जुळवणी साधता येते. नायट्रोजनवर चालणाऱ्या जंक्शनांचे क्रांतिक प्रवाह एकाच चिपवरही बरेच वेगळे निघतात आणि खान्देशच्या उन्हात हेलियमचे भांडे शिवारोशिवार हिंडवणे कोणालाच परवडणार नाही. फीडबॅकचा लूप जंक्शनांतील ही तफावत बव्हंशी पोटात घेतो, तर बाय-स्क्विडमध्ये तीच तफावत त्रिकोणाच्या बाजू वाकवते.