डेस्कटॉप इंटरफेसवरील टचस्क्रीनचा प्रभाव

बोटाने चालवायच्या फोन-टॅब्लेटसाठी बेतलेली मांडणी माऊस-कीबोर्डच्या संगणकावर उतरण्याची प्रक्रिया. ऐसपैस बटणे, लपलेले मेनू आणि पडदा व्यापणारी ॲप ही तिची ठळक लक्षणे. २००७ मध्ये आयफोन आणि २०१० मध्ये आयपॅड आल्यानंतर तिने वेग घेतला.

माऊसचा बाण एखाद्या पिक्सेलवरही नेमका टेकतो. बोटाचे टोक जाड असते, आणि ज्यावर ते टेकवायचे तेच ते झाकून टाकते. म्हणून ॲपलने बटणासाठी किमान ४४ पॉइंट, तर अँड्रॉइडने ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर, लांबी-रुंदी सुचवली (पॉइंट आणि डीपी ही पडद्यावरील मापाची एकके). दुसरा फरक कमी बोलला जातो, पण तो अधिक खोल आहे. माऊसचा बाण न दाबता नुसता बटणावर नेऊन ठेवता येतो. तेवढ्याने बटणाचा रंग बदलतो, माहितीची चौकट उघडते. बोटाला ही घुटमळण्याची सोयच नाही. ते टेकते किंवा टेकत नाही. बाण वर नेताच उलगडणारे मेनू मागे पडले ते यामुळे.

या प्रभावाचा सर्वांत धाडसी, आणि सर्वांत फसलेला, प्रयोग म्हणजे २६ ऑक्टोबर २०१२ रोजी आलेले मायक्रोसॉफ्टचे विंडोज ८. १९९५ पासून डाव्या कोपऱ्यात असलेले स्टार्ट बटण त्यात काढून टाकले गेले आणि मेनूच्या जागी पडदाभर रंगीत टाइल्स आल्या. संगणक बंद करण्याचा पर्याय उजव्या कडेतून सरकवून बाहेर काढायच्या पट्टीत गेला. टॅब्लेट दोन्ही हातांत धरला की अंगठा आपसूक कडेवरच असतो, त्यामुळे तिथे ही युक्ती चोख होती. माऊसवाल्याला मात्र ती पट्टी आणण्यासाठी बाण उजव्या कोपऱ्यात न्यावा लागे, आणि त्या कोपऱ्यात तसे सुचवणारी एकही खूण नव्हती. सेटिंग्जसुद्धा दोन ठिकाणी विभागल्या गेल्या: काही नव्या पडद्यावर, काही जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये. ऑक्टोबर २०१३ मधील ८.१ आवृत्तीत बटण परतले, तरी ते दाबल्यावर टाइल्सच उघडत. मेनू परत यायला जुलै २०१५ चे विंडोज १० उजाडावे लागले.

ॲपलची वाट वेगळी होती. उभ्या पडद्याला सतत हात लावत राहिल्यास हात दुखून येतो, असे स्टीव्ह जॉब्स यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीरपणे सांगितले होते. टचस्क्रीनचे डेस्कटॉप संगणक १९८३ च्या एचपी-१५० पासून होते, पण ते रुळले नाहीत, हेही लक्षात घ्यावे. त्यामुळे ॲपलच्या मॅक संगणकाचा पडदा स्पर्शहीन राहिला आणि बोटांच्या हालचालींनी द्यायच्या आज्ञा ट्रॅकपॅडवर, म्हणजे बोट फिरवायच्या सपाट पाटीवर, आल्या. मॅकच्या कार्यप्रणालीच्या जुलै २०११ मधील ‘लायन’ आवृत्तीने स्क्रोलची दिशाच उलटी केली. आधी हलवायची ती बाजूची पट्टी, म्हणून पान उलट दिशेला सरके. आता बोट कागद ढकलते तसे पानच ढकलले जाऊ लागले. जुन्या वापरकर्त्यांना काही दिवस चुकल्यासारखे झाले. त्याच आवृत्तीत स्क्रोलपट्टी वापरात नसताना दिसेनाशी झाली, त्यामुळे पान किती लांब आहे हे एका नजरेत कळेना. इथे तोटाच झाला, असे म्हणावे लागेल: जागेची चणचण फोनला असते, २७ इंची पडद्याला नाही. ऑक्टोबर २०२२ च्या ‘व्हेंचुरा’ आवृत्तीमध्ये मॅकच्या सेटिंग्जही आयफोनसारख्या लांबलचक यादीत मांडल्या गेल्या.

मुक्त कार्यप्रणाली असलेल्या लिनक्सच्या जगात उबुंटू या तिच्या लोकप्रिय रूपाने एप्रिल २०११ मध्ये ‘युनिटी’ हा मुख्य इंटरफेस केला. पुढे फोनपासून संगणकापर्यंत एकच रूप नेण्याचा बेत होता. तो एप्रिल २०१७ मध्ये सोडून देण्यात आला.

संकेतस्थळांवर याची सर्वांत परिचित खूण म्हणजे तीन आडव्या रेघांचे मेनू-चिन्ह. गंमत अशी की ते मुळात डेस्कटॉपचेच: नॉर्म कॉक्स यांनी ते १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढले होते. फोनच्या अरुंद पडद्याने ते पुन्हा उचलले आणि तिथून ते रुंद पडद्यांवर परतले, मेनू लपवण्याची गरज नसलेल्या ठिकाणीसुद्धा.

उलट दिशेचा प्रवासही घडला. मार्च २०२० मध्ये आयपॅडला ट्रॅकपॅडची जोड मिळाली. तिथला बाण मात्र २०२५ पर्यंत टोकदार नव्हता: तो बोटाच्या टोकाएवढा गोल ठिपका असे आणि बटणावर गेला की बटणाचाच आकार घेई.