फड पद्धती (सिंचन)

नदीवर बंधारा घालून पाटाने आणलेले पाणी लाभधारक शेतकऱ्यांनी स्वतःच्या सामुदायिक व्यवस्थापनाखाली वाटून घेण्याची खानदेश व बागलाणातील जुनी रीत. तापीला मिळणारी पांझरा आणि गिरणेच्या उपनद्या मोसम व आरम यांच्या खोऱ्यांत, म्हणजे आजच्या धुळे व नाशिक जिल्ह्यांत, ती प्रामुख्याने आढळते. बंधाऱ्याच्या संपूर्ण भिजक्षेत्राला थळ म्हणतात. थळाचे सामान्यतः तीन किंवा चार मोठे भाग पाडलेले असतात; त्यांना फड म्हणतात.

उगमकाळाविषयी एकमत नाही. पद्धत तीन-चारशे वर्षांची असावी, असे सर्वसाधारणपणे लिहिले जाते. स्थानिक परंपरा बंधाऱ्यांचे श्रेय मुसलमानी अमदानीला देते. १८८० च्या खानदेश गॅझेटिअरचा कलही तिकडेच आहे. ही परंपरा ग्राह्य धरली, तर बांधकामाचा आरंभ फारुकी राजवटीपर्यंत (चौदाव्या शतकाची अखेर ते १६०१) मागे नेता येतो; पण तेवढ्याने पाणीवाटपाच्या नियमांचा काळ ठरत नाही. दगड-चुन्याचा बंधारा एखाद्या सत्तेच्या आश्रयाने उभा राहू शकतो. जमिनीची फडवार आखणी, एका फडात एकच पीक आणि पाळीचा क्रम या गोष्टी मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीतून स्थिरावल्या असण्याची शक्यता अधिक वाटते. बंधारे जुने आणि नियम त्यांच्यामागून हळूहळू घडत गेलेले, असे मानणे म्हणून अधिक सयुक्तिक.

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर उगम पावणाऱ्या या नद्यांना पावसाळ्यानंतरही काही महिने झिरप्याचे पाणी असते. बंधारा ते साठवत नाही, फक्त अडवून पाटात वळवतो. पाटातून चाऱ्यांनी पाणी फडांत जाते. जादा पाणी सांडींवाटे पुन्हा नदीला मिळते. एक फड उसासारख्या बारमाही पिकाला आणि उरलेले हंगामी पिकांना, अशी विभागणी असून फडांची पिके दरवर्षी आळीपाळीने बदलतात.

वाटपातील न्याय मुख्यतः या आखणीवर उभा आहे. पारंपरिक रचनेत शेतकऱ्याची जमीन एका ठिकाणी सलग नसून शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असते. नदी आटली की एखादा फड पडीक ठेवतात. त्याचा तोटा सर्वांच्या वाट्याला साधारण सारखाच येतो. पाणी देण्याचे कामही मालकाच्या हाती नसते. पाटकरी चारीवर पाणी सोडतो. बारेकरी फडाच्या वरच्या टोकापासून शेतामागून शेत भिजवत खाली येतो. एक वाफा भरला की त्याचे बारे (पाणी आत सोडण्याचे तोंड) बांधून पुढचे फोडायचे, मग शेत कोणाचे का असेना. जागल्या उभ्या पिकाची राखण करतो आणि या सर्वांवर हवालदाराची देखरेख असते. त्यांचा मोबदला लाभधारकच देतात. पाटातील गाळ काढणे व डागडुजी हीदेखील सर्वांची जबाबदारी. शेजाऱ्याच्या भलेपणावर विसंबून न राहता समन्याय टिकवणारी ही योजना भारतीय सिंचन-इतिहासात विशेष मोलाची आहे.

तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. हक्क थळातील जमिनीला चिकटलेला असल्याने भूमिहीन आणि थळाबाहेरचे शेतकरी वाटपात येतच नाहीत. या बाबतीत १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून सुरू केलेली पाणी पंचायत वेगळी ठरते : तेथे पाणी जमिनीवर नव्हे, तर माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने दिले गेले, भूमिहीनांचा हक्क मान्य झाला आणि ऊस वर्ज्य ठरला. फडात उसाला कायमचे स्थान असल्याने टिकाऊपणाच्या दृष्टीने हा फरक दुर्लक्षण्याजोगा नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नद्यांच्या वरच्या अंगाला पांझरेवर लाटीपाडा, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर अशी धरणे झाली आणि पाणी सोडण्याचा निर्णय मोठ्या प्रमाणात पाटबंधारे खात्याकडे गेला. विहिरींमुळे ज्याला त्याला स्वतंत्र पाणी मिळू लागले, तसा एका फडात एक पीक हा दंडक सैल झाला. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापनावर, म्हणजे मोजलेल्या आकारमानानुसार, पाणी आणि सभासदांना पीक-स्वातंत्र्य दिले. फडाचे पाळीपत्रक मात्र सामायिक पीकरचनेवरच चालत असल्याने जुन्या थळांना या चौकटीत बसवताना त्यांचा मूळ नियमच बदलावा लागतो.