मेकॅट्रॉनिक्स : शब्द कारखान्याचा, पदवी विद्यापीठाची

बारावीनंतर शाखांच्या यादीत 'मेकॅट्रॉनिक्स' दिसलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक्स? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर या शब्दाच्या जन्मकथेत सापडतं.

हा शब्द कुठल्या प्राध्यापकाने घडवलेला नाही. जपानच्या क्यूशू बेटावर १९१५ साली स्थापन झालेली यास्कावा इलेक्ट्रिक ही कंपनी सुरुवातीला आसपासच्या कोळसा खाणींसाठी मोटारी बनवत असे. पुढे तिथल्या इंजिनिअरांना वेगळीच अडचण सोडवायची होती. साधी मोटार फिरत राहते, पण हवी तिथे झटकन थांबत नाही, कारण तिचा जड रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, स्वतःच्या जडत्वाने पुढे जातो. १९५८ मध्ये त्यांनी सडपातळ, हलक्या रोटरची 'मिनर्शिया' मोटार काढली. ती हुकूम मिळताच वेग घ्यायची आणि हुकूम मिळताच थांबायची. आता ग्राहकाचं यंत्र आणि कंपनीची विद्युत नियंत्रणं वेगवेगळी ठेवून भागणार नव्हतं, दोन्ही एकत्रच आखावी लागणार होती. या जोडकामाला कंपनीतल्या तेत्सुरो मोरी या इंजिनिअरने १९६९ मध्ये नाव दिलं: मेकॅनिझममधलं 'मेका' आणि इलेक्ट्रॉनिक्समधलं 'ट्रॉनिक्स'. कंपनीने ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं आणि पुढे त्यावरचा हक्क सोडून दिला. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. हक्क राखून ठेवला असता तर आज कुठल्याही पदवीवर हे नाव छापलं गेलं नसतं.

नाव नवं असलं तरी काम आधीच सुरू झालं होतं. अमेरिकेत एमआयटीने १९५२ मध्ये पंच केलेल्या टेपवरून चालणारं मिलिंग मशीन, म्हणजे धातू कापणारं यंत्र, दाखवलं होतं. आजच्या सीएनसीचं, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्रांचं, ते मूळ. जनरल मोटर्सला मॉडेल बदललं की रिलेंची, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या स्विचांची, पॅनलं नव्याने वायरिंग करत बसावी लागत, त्या कटकटीतून १९६९ च्या सुमारास पहिला पीएलसी, म्हणजे वायरिंगऐवजी प्रोग्रॅम बदलून काम बदलता येणारा कंट्रोलर, आला. १९७१ मध्ये इंटेलची ४००४ ही अख्खा प्रोसेसर सामावणारी चिप बाजारात आली, तीही मुळात एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीच्या मागणीतून.

या सगळ्याचं फळ काय, हे एबीएसमध्ये, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकमध्ये, छान दिसतं. सुरुवातीच्या ॲनालॉग रचनेत जवळपास हजार इलेक्ट्रॉनिक भाग होते, त्यामुळे भरवसा कमी. डिजिटल सर्किट आल्यावर ही संख्या दीडशेच्या आत आली आणि १९७८ मध्ये बॉशचं एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बसलं. चाकाजवळचा सेन्सर वेग मोजतो, चाक जाम होतंय असं दिसताच कंट्रोलर व्हॉल्व्हला सांगून ब्रेकचा दाब सोडतो आणि पुन्हा देतो, सेकंदाला अनेक वेळा. यातला कोणता भाग मेकॅनिकलचा आणि कोणता इलेक्ट्रॉनिक्सचा, अशी वाटणी करायला गेलं तर ब्रेकच उरत नाही.

विद्यापीठं मात्र सावकाश आली, कारण तिथे विभागांच्या भिंती होत्या. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या योहानेस केपलर विद्यापीठाने १९९० मध्ये मेकॅट्रॉनिक्सचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. १९९६ मध्ये विद्युत आणि यांत्रिक अभियंत्यांच्या दोन मोठ्या संस्था, आयईईई आणि एएसएमई, यांनी मिळून या विषयाचं संशोधन नियतकालिक काढलं. जर्मनीने १९९८ पासून 'मेकाट्रोनिकर' हा साडेतीन वर्षांचा प्रशिक्षणाचा व्यवसायच मान्य केला. तिथे शिकाऊ मुलं कारखान्यात आणि शाळेत आलटूनपालटून शिकतात.

आपल्याकडे अनेक मुलांची या विषयाशी पहिली गाठ पडते ती मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमातल्या एका पेपरमध्ये: सेन्सर, ब्लॉक डायग्राम, पीएलसीचं लॅडर लॉजिक (त्याचा प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत), पीआयडी (चूक मोजून ती भरून काढणारी नियंत्रणाची पद्धत). स्वतंत्र पदवी घेणाऱ्याला हेच चार वर्षांत मुळापासून शिकता येतं. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा बघून या. सर्व्हो मोटार (हव्या त्या जागी नेमकी थांबणारी), एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) आणि पीएलसीला मुलांचे हात लागतात की ती काचेच्या कपाटात असतात, हे तिथल्या मुलांनाच विचारा.